मिलो कुणी खाल्ला?

आईचं खरं धरायचं की पोराचं, इथेच माझं घोडं अडलंय.

पोरगा सांगतो, रात्रीच्या जेवणाला डब्यातले सार्डिन मासे असायचे, घरमालक हिडीसफिडीस करायचा, ऐन ख्रिसमसात घरात ऊब नसायची आणि वाढदिवस म्हणजे वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. आईचं म्हणणं, असं काही नव्हतं. पोराला खायला-ल्यायला मी कधी कमी पडू दिलं नाही. पोरगा म्हणजे ब्रुकलिनचा ख्रिस्तोफर वॉलेस, ज्याला जग ‘द नटोरियस बी.आय.जी.’ किंवा नुसतं बिगी म्हणतं. आई म्हणजे व्होलेटा वॉलेस. जमैकाहून न्यूयॉर्कला आलेली, लहान मुलांना शिकवणारी, एकटीने पोर वाढवलेली बाई. आणि भांडण आहे ‘ज्यूसी’ या गाण्यावरून. 1994 च्या ऑगस्टमध्ये ते आलं तेव्हा बिलबोर्डच्या मुख्य यादीत 27 च्या वर काही गेलं नाही. 2019 मध्ये बीबीसीने देशोदेशीच्या 108 जाणकारांना विचारलं, आजवरचं सर्वोत्तम हिप-हॉप गाणं कुठलं, तर पहिला नंबर याचा. ‘फाइट द पॉवर’सारखं गाणं दुसऱ्या नंबरावर. जपमाळेइतकी माणसं एका गाण्यापाशी येऊन थांबतात म्हणजे काहीतरी असणारच. पण नेमकं काय?

चाल म्हणाल तर ती त्याची नाहीच. खाली जे संथ, गुळचट वाजत राहतं ते एमटूमे या बँडच्या 1983 च्या ‘ज्यूसी फ्रूट’मधलं. जेम्स एमटूमे हा कधीकाळी माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात तालवाद्यं वाजवणारा माणूस, आणि त्याचं ते गाणं प्रेमाचं, खरं तर प्रेमापेक्षा अंगलटीचं. त्याच्यावर बिगीने गरिबीची कैफियत मांडली. आपल्याकडे लावणीच्या चालीवर भजन म्हणतात, त्यातला प्रकार. शिवाय पीट रॉक हा दुसरा एक संगीत-निर्माता म्हणतो की ही कल्पना मूळ माझी. बिगीला पुढे आणणारा निर्माता पफी माझ्याकडे आला होता तेव्हा त्याने ती ऐकली आणि उचलली. तबकडीवर निर्माते म्हणून नावं पोक आणि पफीची. रंकाचा राव झाल्याच्या या गाण्यातही आपला वाटा मिळाला नाही म्हणणारा एक जण दाराबाहेर उभा आहेच. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ.

मला जास्त गंमत वाटते ती त्यातल्या श्रीमंतीची. पन्नास इंची टीव्ही, हिरव्या चामड्याचा सोफा, दोन हजार डॉलरचं फोनचं बिल, दारात शोफरसकट लिमोझिन. आणि या सगळ्यात तो अभिमानाने सांगतो की आपल्याकडे सुपर निन्टेन्डोही आहे आणि सेगा जेनेसिसही. बावीस वर्षांचा बाप्या, पण वैभव मोजायला बसला की आठवतात दोन कंपन्यांचे व्हिडिओ गेम! म्हणजे ज्याच्याकडे लहानपणी एक असावा आणि मित्राकडचा दुसरा बघून जीव जळावा, अशा पोराचा हा हिशोब आहे. ज्याला खरोखर उपाशी झोपावं लागलं त्याला गेम आठवतील का? इथे माझा काटा आईकडे झुकतो. त्यातून हे लिहिलं तेव्हा तो श्रीमंतही नव्हता. पहिला अल्बम यायचा होता. कोणी विकत घेईल की नाही याचीच खात्री नव्हती. गरिबी फुगवलेली आणि श्रीमंतीही अजून न आलेली. दोन्ही टोकं खोटी धरली तर मधे उरतं काय?

उरतं ते मला तरी खणखणीत वाटतं. शनिवारी मिस्टर मॅजिक आणि मार्ली मार्लचा ‘रॅप अटॅक’ रेडिओवर लागायचा, तो टेप करायचा आणि टेप तुटेपर्यंत ऐकायचा. ‘वर्ड अप’ मासिकातले फोटो भिंतीवर चिकटवायचे. सॉल्ट-एन-पेपा नि हेवी डी लिमोझिनमध्ये बसलेले बघायचे. हे कुणी मुद्दाम रचत नाही. आमच्याकडेही रेडिओवर ‘आपली आवड’ लागली की टू-इन-वनचं बटण दाबून श्वास रोखून बसायचं, आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी व्हायची. अजून आशाबाईंच्या एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यानंतर मला ती शिट्टी ऐकू येते. तिथवर मी बिगीच्या शेजारी बसू शकतो. सार्डिनपाशी आलं की थबकतो.

थबकतो, कारण सार्डिन म्हटलं की मला मिलो आठवतो.

बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. सोलापूर, नगर, बीड, कुठल्याही जिल्ह्यातला साठीपुढचा माणूस घ्या, तो तुम्हाला सांगणार की आम्ही मिलोची भाकरी खाऊन दिवस काढले. आमचे अण्णाकाकाही सांगायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा हॉल घेऊन कार्यक्रम केला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. अण्णाकाका बोलायला उठले आणि सगळी करमाळ्याकडची उन्हं त्या हॉलमध्ये आणली. आटलेली विहीर, टँकरची वाट, शाळेत मिळणारी सुकडी, आणि मग वर्षभर मिलोची भाकरी नि मिठाची कणी. बायका डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेत आजी बसलेली होती, नऊवारीचा पदर घट्ट लपेटून, आणि तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

घरी आल्यावर जेवताना मात्र बोलली. “कुठं खाल्लास रं मिलो? दोन घास तोंडात घातलंस नि थुकून दिलंस. समदा म्हशीला घातला म्या.”

काका हसले. “आई, अगं भाषणात असं सांगावं लागतं.”

“मग ज्वारी कुठनं यायची ती बी सांगावी लागती.”

ज्वारी यायची ती पाझर तलावाच्या कामावरून. आजी तिथे खडी फोडायला जायची. मस्टरवर अंगठा उठवायचा, आठवड्याने पगार घ्यायचा आणि रेशनचा मिलो म्हशीला घालून, बाजारातून चढ्या भावाने पोरांसाठी पांढरी ज्वारी आणायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं होतं, मधोमध उभी रेघ पडलेलं. हातोडी कधीतरी दगडाऐवजी त्याच्यावर बसली होती. अण्णाकाकांच्या भाषणात ना पाझर तलाव होता, ना ते नख. गरिबी जितकी गडद रंगवावी तितकी त्यातून पोराला वर काढणारी बाई पुसट होत जाते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. व्होलेटाबाईंनाही हेच लागलं असेल का? ‘आमच्याकडे काही नव्हतं’ असं पोरगा चारचौघांत म्हणतो, तेव्हा ‘आईने काही दिलं नाही’ असंच तिला ऐकू येत असणार.

पण याच आजीने काकांच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “बारा वर्सांनी उकिरड्याची बी दैना फिटती.” म्हणजे पोराने घर गरीब होतं म्हटलेलं तिला खपेना, आणि स्वतः मात्र घराला सरळ उकिरडा म्हणून मोकळी! ही म्हण तेव्हापासून माझ्या डोक्यात घुसलीय आणि तिचा काही केल्या उलगडा होत नाही.

एक तर उकिरड्याला बारा वर्षं थांबावं लागतच नाही. आमच्या गावी प्रत्येकाचा उकिरडा वेगळा, घरामागे नाहीतर वेशीबाहेर. शेण, राख, केर, बैलांनी टाकलेली चिपाडं, सगळं वर्षभर त्यात पडायचं आणि वैशाखात, मृगाच्या आधी, तो उकरून गाडीने शेतात जायचा. वरचा थर ओला नि घाणेरडा, पण हातभर खाली खोरं गेलं की काळंभोर, भुसभुशीत खत. नाकाशी धरलं तरी घाण वास नाही. त्यात बांगड्यांच्या काचा निघायच्या, हरवलेला चमचा निघायचा. म्हणजे उकिरड्याची दैना दर उन्हाळ्याला फिटते आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा सुरू होते. मग बारा कुठून आले? एक तप म्हणून? पांडवांचा वनवास बारा वर्षांचा, सिंहस्थ बारा वर्षांनी, गुरूचा राशींतला फेरा बारा वर्षांचा. बाराचा आकडा आपल्याला कुठेही बसवता येतो. बिगीलाही बसतो. बाराव्या वर्षापासून तो अमली पदार्थ विकायला लागला असं सांगतात, आणि चोविसाव्या वर्षी गेला. असे हिशोब फार नीट जुळले की मला त्यांचा संशय येतो.

दुसरं म्हणजे, दैना फिटते ती कोणाची? खत शेतात गेलं, पीक आलं, दाणे घरात आले. उकिरड्याच्या वाट्याला काय? रिकामा खड्डा. आता तर गावात बैल राहिले नाहीत, तेव्हा उकिरडेही नाहीत. आमच्या उकिरड्याच्या जागेवर रस्त्याला लागून तीन गाळे उभे आहेत. एकात मोबाइल रिचार्ज, एकात खतांचं दुकान, तेही रासायनिक. तिथल्या गुंठ्याचा भाव ऐकून आजीने कपाळाला हात लावला असता. म्हणीचा खरा अर्थ हाच असेल तर? माणसाचं राहू दे, जागेचेच दिवस पालटतात.

बिगीच्या बाबतीत ते अक्षरशः तसं झालं. ज्या घराला तो गाण्यात एका खोलीची झोपडी म्हणतो ते सेंट जेम्स प्लेसवरचं भाड्याचं घर. एक खोली तर ती नव्हतीच; त्याला त्यात स्वतःची वेगळी खोली होती. 2013 मध्ये तो फ्लॅट विक्रीला निघाला तेव्हा किंमत लावली होती सव्वासात लाख डॉलर. 2019 मध्ये त्या रस्त्याच्या तुकड्याला त्याचं नाव दिलं. आता तिथे राहणं ख्रिस्तोफरच्या वयाच्या, त्याच्यासारख्या पोराला परवडेल का, याचं उत्तर त्या किमतीतच आहे.

झोपडी म्हणणं खोटं, हे झालंच. पण त्या वेगळ्या खोलीत काय चाललं होतं हे आईला तरी कुठे ठाऊक होतं? एक किस्सा स्वतः व्होलेटाबाईंनीच सांगितलेला आहे. पोराच्या खोलीत एका ताटलीत काहीतरी पांढरं, वाळून कडक झालेलं दिसलं. त्यांना वाटलं, कुस्करलेले बटाटे, शिळे झालेत. खरवडून टाकले आणि ताटली धुऊन ठेवली. ते होतं वाळत घातलेलं क्रॅक कोकेन, पोराचा धंद्याचा माल. सगळ्या गाण्यापेक्षा ही ताटली माझ्यापुढे जास्त स्वच्छ उभी राहते. रात्री दमून आलेली मास्तरीण पोराचं खरकटं काढतेय, आणि काढतेय काय तर त्याचं भांडवल. तिच्या हिशोबी घरात काही कमी नव्हतं. त्याच्या हिशोबी काय कमी होतं की तो रस्त्यावर उभा राहिला? सार्डिन खोटे असतील, पण काहीतरी कमी होतं त्याशिवाय ती ताटली तिथे आली नसती. की तेही मी त्याच्या बाजूने रचतोय? साध्या हव्यासाने, चांगल्या बुटांसाठीही पोरं त्या धंद्यात जात होती.

अण्णाकाकांना मी पुढे एकदा एकटं गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, “चव नाही रे आठवत. पण ती लालसर भाकरी तव्यावर भेगाळायची, ते आठवतं. वर्षभर तेच खाल्लं असं आपलं वाटत राहतं.” थापा मारणारा माणूस असा बोलत नाही. दोन घास थुंकलेल्या पोराच्या मनात ते दोनच घास वर्षभर पुरले, आणि आईने रोज घातलेली पांढरी भाकरी नुसती पचून गेली.

‘ज्यूसी’त आई येते ती मिंकचा कोट घालून, अक्युरा गाडीत, मासिकात पोराचा फोटो बघून हसताना. आईचे पांग फेडल्याचं ते चित्र. त्याच अल्बमच्या सुरुवातीच्या एका गाण्यात मात्र तो आईला स्तनाचा कर्करोग झाल्याचं एका ओळीत सांगून टाकतो, आणि ते खरं होतं. शेवटच्या गाण्यात फोनवर जीव द्यायच्या गोष्टी करतो. अल्बमचं नावच ‘रेडी टू डाय’. 9 मार्च 1997 ला लॉस एंजेलिसमध्ये त्याला गोळ्या घातल्या. ‘ज्यूसी’ करायला तो मुळात राजी नव्हता, पफीने गळी उतरवलं, असंही सांगतात. म्हणजे ज्या गाण्याला लोक त्याची आत्मकथा म्हणतात त्यात त्याचं किती आणि विकणाऱ्याचं किती, इथून पुन्हा सुरुवात.

त्या 108 जणांत मी असतो तर पहिला नंबर ‘ज्यूसी’ला दिला नसता. बहुधा ग्रँडमास्टर फ्लॅशच्या ‘द मेसेज’ला दिला असता, 1982 चं ते गाणं गरिबी दाखवतं आणि तिच्यातून बाहेर पडायचं दार दाखवत नाही, म्हणून ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. पण मग तो प्रामाणिकपणा माझ्या फोनमध्ये नुसता पडून का असतो, आणि सकाळी चहा उकळताना आपसूक लागतं ते हे दुसरं, दोन्ही टोकांनी खोटं असलेलं गाणं का, ते मला विचारू नका.