अर्ध्या तासाची सायकल

"ढोकाळी? नाही जाणार, जवळ पडतं." एवढं बोलून रिक्षावाला निघूनही गेला. मानपाड्याच्या नाक्यावर हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता रागसुद्धा येत नाही. (मानपाडा म्हणजे ठाण्यातला, घोडबंदर रोडवरचा. डोंबिवलीतही एक आहे. माझा एक कॉलेजमित्र घरी जेवायला म्हणून निघाला आणि त्या मानपाड्याला जाऊन उभा राहिला होता. असो.)

तर ढोकाळीला बाबा राहतात. आई गेल्यापासून एकटेच. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. पण ऑफिसातून दमून आल्यावर चालवत नाही, आणि गाडी काढावी तर तिकडे पार्किंग मिळत नाही. मग "रविवारी बघू" म्हणायला तेवढं कारण पुरतं. दोन किलोमीटरवरचे बाबा मला महिन्यातून चारदा भेटत होते!

पुण्यात शिकायला होतो तेव्हा अशा अंतरांचं काही वाटायचं नाही. २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठात 'पेडल'च्या सायकली आल्या, पाठोपाठ पिवळ्या 'ओफो'. मोबाईलने कोड स्कॅन करायचा, खट्ट करून कुलूप उघडायचं, काम झालं की सोडून द्यायची. काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या, पण सवय लावून गेल्या.

बाबांना हे कौतुकाने सांगितलं तर ते हसायला लागले. "आमच्या वेळी तासावर मिळायची की! वहीत नाव आणि वेळ लिहायची, झालं." डिपॉझिट? "दुकानदार आजोबांना ओळखायचा ना!"

खरं तर सगळी गोम इथेच आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या, तर पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणं घालून सुटणारी सायकल काढली. पॅरिसने २००७ मध्ये कार्ड आणलं, पहिला अर्धा तास फुकट दिला, आणि नवीनच भानगड झाली. लोक टेकडीवरून सायकलने खाली उतरत आणि वर जाताना मेट्रो पकडत! वरचे स्टँड रिकामे, खालचे भरलेले. शेवटी चढावरच्या स्टँडला सायकल लावणाऱ्याला पंधरा मिनिटं जादा मिळू लागली. आम्ही ऑफिसात सर्व्हरचं लोड बॅलन्सिंग करतो. सर्व्हर निदान कुरकुर तरी करत नाहीत :-)

इतकं सगळं वाचून झाल्यावर एका शनिवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. धूळ खात पडलेल्या अकरा सायकली! मुलं मोठी झाली, सायकली तिथेच राहिल्या. ग्रुपवर विचारलं. तिघांनी हो म्हटलं, एकाने "पडलात तर जबाबदार कोण?" असं विचारलं (प्रश्न बरोबर होता, उत्तर अजून नाही). चेन, ब्रेक, ट्यूब दुरुस्त करून घेतल्या, आकड्यांची कुलुपं लावली. घेताना आणि परत लावताना ग्रुपवर एक मेसेज टाकायचा. बाबांच्या दुकानदाराची वहीच ती, दुसरं काय?

संध्याकाळी सातला तिन्ही एकदम हव्या असतात आणि दुपारभर कुणालाच नको असतात. एकदा एकजण सायकल घेऊन गेला तो दुसऱ्या दिवशी उगवला. मुख्य रस्त्यावर ट्रक आणि मेट्रोचे खांब, तिकडे मी सायकल घालत नाही. आतल्या रस्त्याने दहा-बारा मिनिटं लागतात.

बुधवारी अचानक गेलो तर बाबा दारात येऊन माझ्या मागे बघायला लागले. "एकटाच? काय झालं?"

"काही नाही, सहज."

मग चपला घालून खाली आले. सायकलभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "हवा कमी आहे. थांब, पंप असेल कुठेतरी."