खिडकीच्या आतून बाहेर

मानपाडा रोडवरून शेअर रिक्षाने डोंबिवली स्टेशन गाठणाऱ्यांत एक निवृत्त बुकिंग क्लार्क आहेत. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या हाताशी पुठ्ठ्याची तिकिटं होती. स्टेशनागणिक वेगळा खण, प्रत्येक तिकिटावर आधीच छापलेला क्रमांक. तिकीट ओढायचं, तारखेच्या यंत्रात खटकन दाबायचं, सुट्ट्या पैशांसकट बाहेर सरकवायचं. पाळी संपली की क्रमांकांची वजाबाकी करून विक्री काढायची. कॅश कमी भरली तर फरक क्लार्कच्या खिशातून.

खरं तर हा पुठ्ठाही एके काळी नवी सुधारणाच होता. हाताने तिकिटं लिहीत बसण्याऐवजी छापील क्रमांकाचं तिकीट काढायचं, ही युक्ती टॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरची, 1830च्या दशकातली. कारकुनाचा दौत-टाक संगणकाच्या कितीतरी आधी गेला होता.

पुढे खिडकीत संगणक बसला आणि पुठ्ठ्याचा पातळ कागद झाला. स्टेशनात कुपनांची यंत्रं आली; प्रवासीच त्यात कुपन घालून छाप मारून घेऊ लागला. क्लार्कचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात, तेही बिनपगारी!

2007मध्ये मुंबईच्या लोकल स्टेशनांवर एटीव्हीएम, म्हणजे स्वयंचलित तिकीट यंत्रं आली. स्मार्ट कार्ड ठेवा, स्टेशन निवडा, तिकीट घ्या. पण लोकल फलाटाला लागत असताना पडद्यावर स्टेशन शोधत बसायला डोंबिवलीकराला सवड कुठली? शिवाय कार्ड सगळ्यांकडे नसायचं. मग रेल्वेने निवृत्त कर्मचाऱ्यांनाच ‘फॅसिलिटेटर’ म्हणून त्या यंत्रापाशी उभं केलं. पगार नाही, विकलेल्या तिकिटांवर कमिशन. स्वयंचलित यंत्र चालवायला माणूस, आणि माणूसही तोच, खिडकीतला!

मानपाडा रोडवरून येणारे ते निवृत्त क्लार्क त्यांतलेच एक. “काका, एक ठाणे रिटर्न,” म्हणेपर्यंत त्यांची बोटं पडद्यावरून फिरलेली असतात. 2014च्या अखेरीस मोबाइलवर तिकिटाचं ॲप आलं, तेव्हापासून कॉलेजची पोरं त्यांच्याकडे फिरकत नाहीत. येतात ते रोख नोट पुढे करणारे, चष्मा घरी विसरलेले, गावाहून पहिल्यांदाच आलेले.

ते तक्रार करत नाहीत. पेन्शन चालू आहे, कमिशन म्हणजे वरखर्च. शेजारच्या यंत्रापाशी मात्र एक तरुण उभा असतो. रेल्वे आता बाहेरच्यांनाही हे काम देते. कामही तेच, रांगही तीच. त्याचं घर मात्र या कमिशनवरच चालतं.