वावरागणिक अभ्यासक्रम

शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम लिहिणं हा माझा व्यवसाय. पिकं आपल्या वऱ्हाडातली, म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. जिल्हे दोन, अमरावती आणि अकोला. या कामात आले तेव्हापासून माझं एक ठाम मत होतं की अभ्यासक्रम सगळीकडे एकसारखा हवा. हे मत मी बैठकांत मांडलं, लेखांत मांडलं, नव्या सहकाऱ्यांच्या गळी उतरवलं. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते का बदललं, हे त्या सगळ्यांना सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

जुन्या मतामागे विचार होता. अकोल्यात 1969 साली कृषी विद्यापीठ आलं. त्याच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञ सहज भेटतो. मेळघाटात धारणीच्याही पलीकडच्या पाड्यावर मात्र जो प्रशिक्षक पोहोचेल तोच विद्यापीठ. तो नवखा असेल, घाईत असेल, त्याला कोरकू येत नसेल. त्याच्या वकुबावर शेतकऱ्याचं शिक्षण सोडून कसं चालेल? म्हणून सत्र, उद्दिष्ट, वेळ, तक्ते, अगदी विचारायचे प्रश्नसुद्धा बांधून द्यायचे. 2013 साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, किती तासांत काय यायला हवं हे लेखी ठरवण्याची रीत पक्की झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शेवटच्या गावाला पहिल्या गावाइतकंच मिळालं पाहिजे, ही माझी त्यामागची तळमळ होती. ती तळमळ आजही तशीच आहे.

मत हललं ते खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल, आणि भूगर्भातलं पाणी खारं. आमच्या हरभऱ्याच्या धड्यात फुलोऱ्यापूर्वी एक संरक्षित ओलित द्यावं असं लिहिलेलं होतं. शिफारस शास्त्रशुद्धच. दर्यापूरकडच्या एका गावात प्रशिक्षकाने तो तक्ता लावला आणि मागे बसलेले एक काका उठले. मला म्हणाले, "मॅडम, आमच्या विहिरीचं पाणी देलं तर वावर गोट्यावानी होते. मंग त्यात तुमी काय पेरसान?" त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सोडियमचं प्रमाण जास्त असलेलं पाणी काळ्या मातीला दिलं की मातीची घडण मोडते, वरचा थर वाळून टणक होतो आणि पुढचं पाणी आत मुरेनासं होतं. म्हणूनच त्या भागात पिढ्यानपिढ्या मूग काढून मुरलेल्या ओलीवर हरभरा पेरतात. तिथे शिकवायचं असतं ते शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी, रुंद वरंबा सरी, जिप्सम, आणि पाण्याचा निचरा.

यावर सोपं उत्तर होतं, खारपाणपट्ट्यासाठी वेगळी पुस्तिका काढायची. आम्ही तसा विचार केलाही. पण अकोट तालुकाच घ्या. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोडं पाणी, संत्रा आणि केळीच्या बागा. दक्षिणेला उतरलं की खारं. ओलिताची पऱ्हाटी आधी लागते आणि आधी फुलावर येते, कोरडवाहू मागाहून. आमच्या वेळापत्रकात गुलाबी बोंडअळीचं सत्र एकाच आठवड्यात होतं. एका गावाला ते उशिराचं, शेजारच्या गावाला घाईचं. किती पुस्तिका काढणार?

2017 च्या बोंडअळीने हा प्रश्न माझ्यापुरता निकालात काढला. बीटी कापसालाही न जुमानणारी ती अळी त्या वर्षी विदर्भभर पसरली. ही अळी लहानपणीच बोंडात शिरते आणि शिरल्याची खूण बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, तजेलदार. फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली आणि गुलाबी अळी. फुलात शिरली असेल तर पाकळ्या जाळीने गुंडाळल्या जातात, फूल उमलतच नाही. हीच आपली डोमकळी. हे सगळं आमच्या तक्त्यांवर रंगीत छापलेलं होतं. पण तक्ता पाहून कोणी बोंड फोडत नाही. वावरात तिरपं चालत वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडायची, धुऱ्यावर बसून एकेक फोडायचं, दोन किडकी निघाली तर फवारणीचा विचार करायचा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरी तोच इशारा. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलं तो पुढच्या आठवड्यात न सांगता करतो, हे मी शेतीशाळांमधून पाहिलं.

शेतीशाळेची कल्पना इंडोनेशियातली, 1989 सालची. भातावरचा तपकिरी तुडतुडा फवारण्यांनी आटोक्यात येईना, उलट वाढला, कारण त्याला खाणारे मित्रकीटक मरत होते. तेव्हा पंचवीसेक शेतकऱ्यांचे गट दर आठवड्याला शेतात जमू लागले, झाड पाहून त्याचं चित्र काढू लागले आणि काय करायचं ते आपसांत ठरवू लागले. आपल्याकडे 2018 पासून राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पाने शेतीशाळा गावोगावी नेल्या आणि त्यात पूर्णाखोऱ्यातली खारपाण गावंही घेतली. पण मला वाटतं, वऱ्हाडाला ही रीत परकी नव्हतीच. गाडगेबाबांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. समोरच्या माणसांकडून उत्तर वदवून घेतल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. त्यांचं नाव असलेल्या अमरावती विद्यापीठाच्या जिल्ह्यात आम्ही प्रश्न विचारणं सोडून तक्ते छापत होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मी अभ्यासक्रमात आधी लिहिते ते निर्णय. हंगामात शेतकऱ्यापुढे कोणकोणते निर्णय येतात, प्रत्येकाआधी वावरात काय पाहायचं, काय मोजायचं. मजकूर त्यानंतर, आणि तोही गावाच्या पाण्या-मातीप्रमाणे. प्रशिक्षकाला यात जास्त तयारी लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून आता आमचा बराचसा वेळ प्रशिक्षक घडवण्यावर खर्च व्हावा, असं माझं मत आहे.

एका धड्यात मात्र मी तसूभर सूट देत नाही. त्याच 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही, मनाने औषधं एकत्र करायची नाहीत, तोंड-नाक आणि अंग झाकायचं, नंतर साबणाने अंघोळ. हे चिखलदऱ्यापासून बाळापूरपर्यंत शब्दाने शब्द सारखंच सांगितलं गेलं पाहिजे.

एक काम अजून झालेलं नाही. पऱ्हाटीत सर्वांत जास्त वेळ हात असतो तो निंदणाऱ्या आणि वेचणाऱ्या बायांचा. किडकं बोंड, कवडी कापूस त्यांच्याच हाताला आधी लागतो. पण प्रशिक्षणाची यादी सातबाऱ्यावरून होते आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. यंदाच्या मसुद्यात मी त्यांच्यासाठी वावरातच घ्यायची सत्रं घातली आहेत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दोन तास शिकायला बसली तर त्या बाईचा तेवढा कापूस कमी भरतो. ती बुडालेली मजुरी प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात धरावी, अशी माझी मागणी आहे.