न करण्याची सेवा

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात साधकाला एकच काम असतं. डोळे मिटून बसायचं आणि आत काय चाललंय ते पाहत राहायचं. बाकी सगळं आयतं समोर येतं. पहाटे चारला घंटा होते, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि कुरमुरे. हॉलमधली आसनं झटकून ठेवलेली असतात, न्हाणीघरात पाणी असतं. या कशाचे पैसे कुणी मागत नाही. साधक मौनात असतो, नजर खाली असते, त्यामुळे घंटा कोण वाजवतं आणि पोहे कोण परततं याकडे त्याचं लक्ष जात नाही. जाऊ नये अशीच ती व्यवस्था आहे. मी पहिलं शिबिर केलं तेव्हा वाढणाऱ्या बाईंचे मला फक्त हात दिसत होते. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटापाशी सुकलेलं कणकेचं पीठ, आणि ओगराळं ताटाला न आपटता वरण वाढायची एक सवय. चेहरा काही केल्या आठवत नाही.

शिबिर संपल्यावर कळलं की ती माणसं पगारी नव्हती. कुणी शिक्षिका होत्या, कुणाचं मेडिकलचं दुकान होतं. दहा दिवसांची रजा काढून, दुकान मुलावर सोपवून त्या आम्हाला वाढायला आल्या होत्या. आमच्या जेवणाचा खर्चही कुणीतरी आधीच देऊन ठेवलेला होता. या परंपरेत शिबिराला शुल्क नाही, आणि ज्याने एकही शिबिर पुरं केलेलं नाही त्याच्याकडून दान घेतलं जात नाही. म्हणजे मी जेवले ते माझ्या आधी बसून गेलेल्या, मला कधीच न भेटणाऱ्या माणसाच्या पैशांवर. ते परत करायला तो माणूस सापडणार नव्हता. पुढच्यालाच द्यायचं, एवढाच रस्ता उरत होता.

ही पद्धत मुळातच अशी वाढली आहे. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. हिशेबाचं मोठं खातं सांभाळत ते रंगूनला साधना शिकवत. १९५५ साली त्यांच्याकडे सत्यनारायण गोयंका नावाचे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी आले, ते अर्धशिशीने बेजार होऊन. चौदा वर्षं ते तिथे शिकले. १९६९ साली भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर लावलं. त्यात मोजकीच माणसं होती आणि गोयंकांचे आईवडीलही होते. इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं १९७६ साली. मधली सात वर्षं स्वतःचं असं केंद्रच नव्हतं. धर्मशाळा, विहार, मिळेल ती जागा घ्यायची, तिथे दहा दिवस चूल मांडायची आणि मग सगळं आवरून पुढच्या गावी. ज्यांनी आदल्या शिबिरात डोळे मिटले होते तेच पुढच्या शिबिरात पाणी भरत. आज देशोदेशी केंद्रं आहेत, शिबिरं चालवणारे सहायक आचार्यही मानधन घेत नाहीत, पण पाणी भरण्याची ती रीत बदललेली नाही. मला या परंपरेतली सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

या सेवेला जायच्या अटी थोड्या आहेत पण पक्क्या आहेत. किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण झालेलं हवं. सेवेच्या काळात पंचशील पाळायचं. सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा या तिन्ही सामूहिक बैठकांना सगळी कामं बाजूला ठेवून हॉलमध्ये बसायचं. मौन नसतं, पण कामापुरतं आणि हळू बोलायचं. पुरुष आणि स्त्रिया यांचे विभाग वेगळे. रात्री नऊला साधक झोपायला गेले की सगळे सेवक आचार्यांसमोर बसतात, दिवसभरातल्या अडचणी सांगतात, आणि सगळ्यांचं भलं चिंतणाऱ्या मंगल मैत्रीने दिवस संपतो. अर्ज भरायचा, बोलावणं आलं की शिबिराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी पोहोचायचं. एकदम दहा दिवस जमत नसतील तर एक दिवसाची शिबिरं असतात. मुलांची आनापानाची, म्हणजे श्वास पाहण्याची, शिबिरं शाळांमधून आणि केंद्रांवर होतात, तिथेही हात लागतात.

मी पहिल्यांदा गेले ते आमच्या शहराबाहेरच्या एका लहानशा केंद्रावर, पावसाळ्यात. स्त्रियांच्या बाजूला आम्ही चौघी सेविका. शिबिर सुरू होतं त्या दुपारी नावनोंदणी असते, आणि मला ते काम फार मोलाचं वाटतं. समोर येणारी बाई घाबरलेली असते. मोबाइल काढून द्यायचा म्हटलं की तो हातात घट्ट धरून ठेवते, आणखी एक फोन करून घेऊ का म्हणून विचारते. पिशवीवर चिठ्ठी चिकटवायची, खोली दाखवायची, गरम पाण्याची वेळ सांगायची. त्या रांगेत गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या असलेल्या व्यापारी घरच्या सासवा असतात, पर्समध्ये बाबासाहेबांचं छोटं चित्र ठेवणाऱ्या नागपूर-अकोल्याकडच्या अंगणवाडी सेविका असतात, पुण्याहून आलेल्या आयटीतल्या मुली असतात. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या तिसऱ्या पिढीतल्या मुलींना ही साधना आपल्या घरची वाटते. सासवांना ते मान्य असतं की नाही कोण जाणे, पण रात्रीच्या पहिल्या बैठकीत त्या एकमेकींच्या शेजारी बसलेल्या असतात.

दुसऱ्या दिवसापासून खरी सेवा सुरू होते, आणि तिचा मोठा भाग काय करायचं नाही हा आहे.

आपल्याकडे सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती माणसामाणसांतली ऊब. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी पाळीपाळीने येऊन राबतात आणि रांगेतल्या प्रत्येकाला 'माउली' म्हणतात. वारीच्या वाटेवर गावंच्या गावं पिठलं-भाकरी घेऊन उभी असतात, आग्रह करकरून वाढतात, पाया पडतात. मला दोन्ही फार प्रिय आहेत. घेणारा आणि देणारा तिथे एकमेकांना पाहतात आणि दोघांचंही पोट भरतं. विपश्यनेच्या केंद्रावर ही अर्धी बाजू मुद्दाम काढून टाकलेली आहे. साधकाकडे पाहून हसायचं नाही, पाठीवर हात ठेवायचा नाही, 'बरं वाटतंय ना' असं विचारायचं नाही. आग्रह तर नाहीच. वाढून बाजूला व्हायचं. बायकांना हे फार जड जातं, कारण विचारपूस करणं हेच चांगल्या बाईचं लक्षण म्हणून आपण शिकलेलो असतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे घंटा घेऊन मी खोल्यांच्या ओळीतून फिरत होते. पाऊस बारीक होता, हातातली टॉर्च ओल्या फरशीवर चमकत होती. घंटा जोरात नाही वाजवायची. ती दाराशी नेऊन दोन-तीनदा हलवायची आणि पुढे जायचं. शेवटच्या खोलीच्या पायरीवर एक मध्यमवयीन बाई बसलेल्या होत्या. शाल डोक्यावरून घेतलेली, आणि त्या रडत होत्या. आवाज न करता, खांदे हलतील इतकंच. माझ्या हातात घंटा, तिचा लोलक आवाज होऊ नये म्हणून बोटांत धरलेला. त्यांच्या शेजारी बसावं, हात हातात घ्यावा, काय झालं ते विचारावं, असं मला इतकं वाटलं की पाय आपोआप वळले. मी दोन हात अंतरावर उभी राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना? आचार्यांना भेटायचंय?" त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग म्हणाल्या, "बसते इथेच थोडा वेळ." मी बरं म्हटलं, व्यवस्थापिकांना जाऊन सांगितलं, आणि दुरून दिसेल अशा जागी थांबले. अर्ध्या तासाने त्या उठल्या, तोंड धुतलं आणि हॉलकडे गेल्या.

त्या अर्ध्या तासाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. मी शेजारी जाऊन बसले असते तर त्यांनी मला काहीतरी सांगितलं असतं. मुलाचं, नवऱ्याचं, आईच्या आजारपणाचं. मी माझ्या अनुभवातलं काहीतरी सांगितलं असतं. दोघींना हलकं वाटलं असतं, आणि त्या ज्यासाठी आल्या होत्या ते तिथेच थांबलं असतं. वर्षानुवर्षं दाबलेलं काही वर येत असताना त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. माझं सांत्वन ही त्यात आलेली अडचण झाली असती. दुःखी माणसाला एकटं सोडणं आणि त्याला एकांत मिळू देणं यांत फार बारीक अंतर आहे. ते राखायचं तर जवळ राहावं लागतं, लक्ष ठेवावं लागतं, गरज पडली तर आचार्यांपर्यंत नेण्याची तयारी ठेवावी लागते, आणि तरीही मधे पडायचं नसतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात मी जन्मभराचं प्रेम उशाशी बसून बोलण्यात घातलं. त्यांना कितीदा गप्प पडून राहायचं असेल, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं असं नाही, पण कसं करायचं ते ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात मात्र वेगळीच साधना होते. पन्नास माणसांची खिचडी, परातभर कणीक, आणि चार बायकांच्या चार घरच्या पद्धती. एकीला भाजीत गूळ हवा, दुसरीला तो चालत नाही. साडेदहा वाजलेले, अकराला घंटा व्हायची, आणि फोडणीत मिरची किती यावरून आवाज चढायला लागतो. दहा दिवस बसून समता, म्हणजे मनाचा तोल, शिकल्याची परीक्षा तिथे होते. कानाच्या पाळ्या गरम होतात, छातीत काहीतरी घट्ट होतं, आणि हातात झारा असताना ते पाहता येतं की नाही हाच प्रश्न असतो. मला नेहमी जमतं असं नाही. पण आमच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी अशा वेळी झारा खाली ठेवत, क्षणभर थांबत, आणि समोरचीच्या पद्धतीने फोडणी घालत. बोलत काहीच नसत. दोन दिवसांत बाकी तिघींचे आवाजही उतरले. अडीचच्या बैठकीला आम्ही चौघी मागच्या रांगेत बसत असू, हाताला हळदीचा वास असे, आणि माझं मन त्या वेळी जितकं स्थिर होई तितकं साधक म्हणून बसतानाही झालेलं मला आठवत नाही.

हे सगळं सुखवस्तू माणसांचं काम आहे, असं मला एका जुन्या मैत्रिणीने तोंडावर सांगितलं. ती सरकारी रुग्णालयात गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण पोहोचवते. तिचं काम मोठं आहे आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. दहा दिवस घर सोडून येणं ज्याला परवडतं तोच बसायला येतो. पण या साधनेची शिबिरं तुरुंगांतही होतात. १९९४ साली तिहारमध्ये एका शिबिरात हजाराहून जास्त कैदी बसले होते, आणि बसणाऱ्यांची व्यवस्था पाहणारी माणसं तिथेही लागली. आणि दुसरं असं, की भुकेल्याला जेवण देताना आपण त्याच्या तोंडाकडे कृतज्ञतेसाठी पाहतो का, हे मला केंद्रावरच्या सेवेनंतर स्वतःत दिसायला लागलं. मैत्रिणीबरोबर रुग्णालयात गेले तेव्हा मी डबे देऊन बाजूला झाले. तिथेही ते उपयोगाचं आहे.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं आणि केंद्रावर एकदम बाजार भरल्यासारखा आवाज होतो. सगळ्या एकमेकींना सांगत असतात, हसत असतात, पत्ते घेत असतात. सेविकांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. मोबाइल, पाकिटं परत करायची, दानाच्या पावत्या, कोण कुठल्या गाडीने जाणार त्याची यादी. पायरीवर रडणाऱ्या त्या बाई माझ्याकडे आल्या त्या स्टेशनला जाणारी रिक्षा किती वाजता मिळेल हे विचारायला. मी सांगितलं. पहाटेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

माझी भाची पुढच्या महिन्यात पहिल्यांदा सेवेला जाते आहे. तिने फोनवर विचारलं, काय काय नेऊ? मी सांगितलं, गजराचं घड्याळ ने, कारण फोन तुलाही बाजूला ठेवावासा वाटेल. टॉर्च ने. पायात वाजणार नाहीत अशा चपला हव्यात, बांगड्या घालत असशील तर काढून ठेव. घंटेचं काम मिळालं तर आदल्या रात्री खोल्यांचा रस्ता एकदा चालून घे. कुणी रडताना दिसलं तर आधी व्यवस्थापिकांना सांग. आणि पहिल्या खेपेला निवडायला मिळालं तर स्वयंपाकघर माग. तिथे साधक फारसे दिसतच नाहीत, त्यामुळे सुरुवातीला सोपं जातं.