लिलावातला लच्छा

आमच्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नव्या छापाखाली कित्येक नाण्यांवर नहपानाचा जुना चेहरा दिसतो. इतिहासाच्या तासाला आम्ही हे आवर्जून सांगतो. धातू हातातून हातात गेला तरी आधीच्या मालकाची खूण राहते, हे मुलांना शिकवणे सोपे होते. आम्हाला स्वतःला ते कळले 2019 साली, एका लिलावात.

धाकट्या बहिणीचा निकाह ठरला होता. सराफाकडचा भाव आमच्या पगाराला झेपत नव्हता. एका सहकाऱ्याने वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली : सोनेतारण कर्ज थकलेल्या खात्यांमधील दागिन्यांचा जाहीर लिलाव. घडणावळ नाही, भावही कमी. अम्मीने ऐकले आणि एवढेच म्हणाली, "रोता सोना घर में नको लाओ."

आम्ही पडलो शिक्षक. तिला समजावले, की पैगंबर साहेबांनी (सल्ल.) स्वतः लिलाव केल्याची हदीस आहे. एक गरजू अन्सारी मदत मागायला आला, तेव्हा त्याच्या घरातले कापड आणि पेला मागवून घेतला. एकाने 1 दिरहम देऊ केला, दुसऱ्याने 2. लिलाव जायज आहे, मग आमचे काय चुकते? अम्मी गप्प बसली.

आम्ही अनामत भरली, पॅन कार्डाची प्रत दिली. खोलीत बहुतेक सोन्याचे व्यापारीच होते. नियम आधी समजून घेतले होते. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या 2013 च्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्या कंपनीने लिलाव त्याच गावात किंवा तालुक्यात घ्यायचा, स्वतः बोली लावायची नाही आणि राखीव किंमत 22 कॅरेट सोन्याच्या मागच्या 30 दिवसांच्या सरासरी भावाच्या 85 टक्क्यांखाली आणायची नाही. म्हणजे सोने वाटते तितके स्वस्त पडत नाही. मणी आणि खडे वजनातून वजा करायचे, आणि जुन्या डागात डाख किती आहे ते वितळवल्याशिवाय नीट कळत नाही.

एकेक पाकीट उघडत होते. एका पाकिटातून काळ्या मण्यांचा लच्छा निघाला आणि त्याबरोबर लहान मुलीच्या दोन बाळ्या. एका बाळीचा फासा सैल असावा, तिथे लाल दोरा गुंडाळला होता. तो दोरा आम्ही वर्षभर पाचवीच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर पाहिला होता. यादीत नाव पाहिले. त्या मुलीच्या आईचेच होते. विड्या वळून घर चालवणारी बाई.

आणि मग आठवले. लोकसभा निवडणुकीच्या प्रशिक्षणाला निघायच्या गडबडीत ती मुलगी एक लिफाफा घेऊन आली होती. "अम्मी बोली, पढ के बताओ." आत इंग्रजी पत्र दिसत होते. "कल लाना," असे म्हणून आम्ही बस गाठली. तिने पुन्हा आणले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

बोली सुरू झाली. आमचा हात वर गेला नाही. पण खरे सांगायचे तर त्या खात्यावरची थकबाकी आणि व्याज मिळून होणारी रक्कम आमच्या खिशात होती. निकाह तीन आठवड्यांवर होता. आम्ही लच्छा घेतला नाही, तसा सोडवलाही नाही. एका व्यापाऱ्याने तो नेला.

घरी येताना हदीसचा उरलेला भाग आठवला. अम्मीला आम्ही अर्धीच सांगितली होती. ते 2 दिरहम त्या अन्सारीच्याच हाती दिले गेले. एकातून घरच्यांसाठी अन्न घ्यायचे, दुसऱ्यातून कुऱ्हाड, म्हणजे लाकडे तोडून पोट भरता येईल. लिलाव ज्याच्या वस्तूंचा, पैसा त्याचाच.

सोनेतारणातही कर्ज फिटून उरलेली रक्कम कर्जदाराला परत द्यावीच लागते. त्या बाईला हे ठाऊकच नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो, अर्ज लिहून दिला, कार्यालयात सोबत गेलो. 6,400 रुपये परत मिळाले. बाहेर आल्यावर तिने पदराआडून तोच लिफाफा काढला. "अब तो पढो, उसमें क्या लिखा था?" रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही तिला पत्र वाचून दाखवले. किती रक्कम भरायची, कोणत्या तारखेपर्यंत, सगळे त्यात होते. तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

बहिणीला एक तोळा सोने घेतले. सराफाकडून, घडणावळ देऊन. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर आम्ही मोहल्ल्यातल्या लोकांची पत्रे वाचून देतो. सोनेतारणाबद्दल रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये नवे निर्देश काढले. त्यांत म्हटले आहे, की कर्जदाराशी त्या भागातल्या किंवा त्याने निवडलेल्या भाषेत व्यवहार करावा आणि निरक्षर असेल तर महत्त्वाच्या अटी साक्षीदारासमोर समजावून सांगाव्यात. निर्देश चांगले आहेत. तो साक्षीदार मात्र आपल्यापैकीच कुणी शिकलेला असायला हवा, आणि त्या दिवशी त्याला बस गाठायची घाई असता कामा नये.

ती मुलगी आता कॉलेजात शिकते. आईची पत्रे तीच वाचते.