उसवणे

फाडणे आणि उसवणे यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. इथे हैदराबादेत शेजारणीला मात्र सांगावा लागला. फाडलं की कापड जातं. उसवलं की फक्त दोरा जातो. शिवणाऱ्याने जोडलं तेवढंच सुटतं, तुकडे कापले होते तसेच हाती येतात. तिच्या हिंदीत ‘उधेडना’ आहे, पण कातडी सोलण्याच्या धमकीतही तेच क्रियापद येतं. आपल्या उसवण्यात एवढा राग नाही.

फाटतं आणि फाडतो, तुटतं आणि तोडतो: अशा जोड्यांमध्ये कर्ता लगेच पकडला जातो. ‘उसवणे’ त्याला सोडून देतं. बाही आपली आपण उसवते आणि मीही बाही उसवते. ‘शिवण उसवली’ एवढ्यावरून ती ताणाने गेली की कुणी ब्लेड घेऊन बसलं होतं, हे कळायला मार्ग नाही.

आईला हे सोयीचं होतं. काका वेगळे निघाले, अंगणात भिंत आली, तेव्हा सगळी आळी ‘घर फुटलं’ म्हणत होती. आई म्हणायची, “घर उसवलंय.” कुणी उसवलं, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला तो थोडा भित्रेपणाच वाटतो, अजूनही.

(वर्तमानपत्रं हल्ली समाजाची ‘वीण’ उसवतात. खरं तर वीण विरते, सुटते. उसवते ती शिवण. पण आता रूढ झालंय, भांडण्यात अर्थ नाही.)

आई ब्लाउज शिवताना भरपूर माया ठेवायची. माया म्हणजे शिवणीच्या आत राहिलेलं जादा कापड. शिंपीही हाच शब्द वापरतात. ती गेल्यावर तिचे ब्लाउज मुलीला दंडात घट्ट होऊ लागले, म्हणून मी ते उसवायला घेतले. तीन-चार टाक्यांआड एक टाका ब्लेडने कापायचा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढायचा, सरसर निघून येतो. एका ब्लाउजची माया उघडली तर आत गर्द जांभळा रंग. आम्ही त्याला इतकी वर्षं राखाडी म्हणत होतो. जुन्या शिवणीच्या जागी भोकांची रांग राहिली आहे, ती इस्त्रीने जात नाही.

“राहू दे,” मुलगी म्हणाली. डिसेंबरात काकांच्या नातीचं लग्न आहे. तिथे ती तोच घालणार आहे.