आमच्याकडे तर चालतंय

यवतमाळात माझं जुन्या कॉम्प्युटरच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. पेंटियम फोरचे बोर्ड, डीडीआर वन रॅम, रुंद पट्टीच्या केबलवर चालणाऱ्या आयडीई हार्डडिस्क, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची हेडं. नव्या दुकानात मिळत नाही ते माझ्याकडे मिळतं. मी आणि एक पोरगा, एवढाच कारभार. विक्री माझी, दुरुस्ती माझी आणि गिऱ्हाइकांशी भांडणंही माझीच.

भांडणं होत होती, खोटं कशाला सांगू. माझा पक्का समज होता की वीस वर्षांचं मशीन रेटत बसणारा माणूस एक तर चिकट असतो, नाही तर त्याला त्यातलं काही कळत नसतं. 'बंद पडलं' म्हणून फोन आला की चूक त्याचीच, हे मी आधीच ठरवून मोकळा. उत्तरही ठरलेलं: "आमच्याकडे तर चालतंय." काउंटरमागे पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. बिलावर वेगळी मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मला ते माहीत होतं. तरी पाटी होती.

दारव्ह्याला लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे विंडोज ९८ वर जुनं श्री-लिपी. त्याचं लॉक मशीनमागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टात लावावं लागतं, आणि नव्या मशीनला बहुधा ते पोर्टच नसतं. वीस वर्षांच्या पत्रिका, घराण्याघराण्यांचे ठरलेले मजकूर, सगळं त्या जुन्या फॉन्टात. नुसत्या युनिकोडच्या मशीनवर फाइल उघडली की अक्षरांचा चिवडा. काकांना ते मशीन सोडणं परवडणारंच नव्हतं. मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांनी माझ्याकडून बोर्ड आणि पॉवर सप्लाय नेला. आठवड्यात फोन. "भाऊ, संध्याकाळी बंद पडून राह्यलं." मी म्हणालो, घेऊन या. जुन्या चादरीत सीपीयू बांधून ते एसटीनं आले. दुकानात मशीन चार तास चाललं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. चादर, एसटी, आणि मशीन सुरळीत चालू. त्या दिवशी दुकानात आणखी तिघं उभे होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "काका, तुम्हाला चालवता येत नाही त्याला मी काय करू?"

ते एवढंच बोलले, "तुमच्याइथं चालते, मी कुठं नाही म्हणतो? माह्याइथं नाही चालत." मग चादरीच्या चारही गाठी सावकाश बांधल्या आणि गेले.

त्यांच्या दोन वाक्यांत सगळं निदान होतं. संध्याकाळी. माझ्याकडे नाही. मी दोन्ही ऐकली आणि दोन्ही सोडून दिली.

एप्रिलात दिग्रसहून परतताना दारव्ह्याला थांबलो. मदत करायला नव्हतो थांबलो. त्यांच्याच घरात मशीन चालवून दाखवायचं आणि विषय संपवायचा, हा हेतू होता. सहा वाजले होते, भिंती अजून तापलेल्या. मशीन चालू केलं. पाऊण तास काहीही झालं नाही. "पाहा काका," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. ट्यूबलाइट फडफडली, पंखा मंदावला, पडदा काळा झाला. टेबलावर अर्धी जुळवलेली पत्रिका होती, तिचा मजकूर पडद्याबरोबर गेला.

काका माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि हस्तलिखित कागद पुन्हा पहिल्या ओळीवर धरला. ही त्यांची रोजची सवय झाली होती, हे त्या हालचालीतच दिसलं.

मी बोर्डाच्या प्लगमध्ये मीटर लावला. १६८ व्होल्ट. माझ्या टेबलाला स्टॅबिलायझर आहे, तिथे काटा २३० सोडत नाही. म्हणजे मी त्यांच्या मशीनची परीक्षा कधी घेतलीच नव्हती, माझ्या दुकानातल्या विजेची घेत होतो.

मग पॉवर सप्लाय उघडला. आत दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या मालात पुष्कळ कपॅसिटर खराब निघाले, हे दुरुस्ती करणारा कोणीही जाणतो. पहिली नजर तिथेच टाकायची असते. ताज्या कपॅसिटरचा सप्लाय असा झटका बऱ्याचदा सोसतो. मी न उघडता विकला होता. दोनदा दुकानात आला तेव्हाही झाकण काढलं नाही, कारण दोष माणसात आहे हे माझं ठरलेलं होतं. तिघांसमोर त्यांना अडाणी ठरवणारा मी माझं स्वतःचं काम करत नव्हतो.

काकू चहा घेऊन आल्या. बोलण्यात कळलं, ऐन लग्नसराईत दोन पत्रिका अमरावतीहून छापून आणाव्या लागल्या. मी माफी मागितली. "होते भाऊ," एवढंच काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चांगला सप्लाय आणि स्टॅबिलायझर बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. पाटी काढली. फोनच्या वहीत आता आधी लिहितो: केव्हा बंद पडतं, तेव्हा शेजारी काय चालू असतं. दारव्ह्याहून त्यानंतर फोन नाही. मशीन नीट चालतंय, की काकांनी मला फोन करणंच सोडलं? विचारायला म्हणून नंबर काढतो, आणि ते तिघं उभे असलेला दिवस आठवला की फोन तसाच ठेवतो.